कोंबड्यांचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे, असे एरवी मी छाती काढून सांगितले असते. आता तशी सोय उरलेली नाही. माझी दारे, माझे कप्पे, माझा खण, सगळे गेले. उरला आहे तो फक्त आरसा, मागच्या व्हरांड्यात हात धुवायच्या बेसिनवर एका खिळ्याला टांगलेला. तरी मी स्वतःला कपाटच म्हणवून घेते. माणसेही निवृत्त झाल्यावर हुद्दा सोडत नाहीत, मग मी का सोडावा?

माझा जन्म मोठ्या मानाचा. या घरच्या काकूंचे लग्न ठरले तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने मला बनवले. तो सुतार होता. माझ्यापायी त्याने महिनाभर दुसऱ्या कामाला हात लावला नाही. दोन दारे, आत कपडे टांगायला गुळगुळीत दांडी, खाली दोन कप्पे, मध्ये एक खोल खण आणि डाव्या दारावर लांबट आरसा, असा माझा थाट होता. हमालांनी मला उलटे ठेवू नये म्हणून त्याने उजव्या दाराच्या आतल्या बाजूला जाड पेन्सिलीने बाण काढला आणि शेजारी लिहिले, ‘वर’. हमालांनी मला उलटेच ठेवले. बाण आत होता आणि दार बंद होते, त्यांनी तरी काय करावे! नव्या घरात काकू पहिल्यांदा पोट धरून हसल्या त्या यावर.

पुढे कितीतरी वर्षे मी त्यांच्या झोपायच्या खोलीत उभे होते. काकूंनी माझ्यात ठेवणीतले कपडे ठेवले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि काकांपासून लपवायचा बिस्किटांचा डबाही ठेवला. मी कधी कोणापाशी तोंड उघडले नाही. जे दिले ते पोटात ठेवायचे, हेच आम्हा कपाटांचे काम. घरी आलेला पाहुणा माझ्या दारावर टकटक करून म्हणायचा, “लाकूड बाकी अस्सल आहे हं!” आणि मी फुगून जायचे.

मग एक दिवस लोखंडी कपाट आले. त्याला चकचकीत मूठ होती आणि उघडताना ते मोठ्याने खणखणायचे. मला आधी बोळात, मग मागच्या अंगणात पत्र्याखाली हलवले. काकूंचा भाऊ तोवर हे जग सोडून गेला होता, म्हणून काकूंनी मला भंगारात देऊ दिले नाही, एवढेच. पण शयनगृहात राहिलेल्याने बादल्या आणि खराट्यांच्या पंगतीला बसायचे, ही काय थोडी नामुष्की झाली? पावसाचे शिंतोडे उडायचे आणि मी मान खाली घालून उभे राहायचे.

काका वीज कंपनीत वायरमन होते. सगळी हयात खांबावर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना जमिनीवर करमेना. ते घरातली बटणे उघडून बघू लागले, चालू पंखे दुरुस्त करू लागले. शेवटी काकूच वैतागून म्हणाल्या, “अहो, कोंबड्या पाळा, नाहीतर मला तरी माहेरी जाऊ द्या.”

काकांनी कोंबड्या पाळायचे ठरवले आणि खुराडे म्हणून माझ्याकडे बोट दाखवले.

त्यांनी आरसा उतरवून व्हरांड्यात टांगला आणि त्या जागी जाळी बसवली. तेव्हापासून माझे पोट अंगणात आणि तोंड व्हरांड्यात अशी विभागणी झाली. ज्या दांडीवर काकूंचे ठेवणीतले कपडे लटकायचे, त्या दांडीवर आता संध्याकाळी कोंबड्या ओळीने बसू लागल्या. खणात भुसा भरला. पहिल्या दिवशी माझ्या कप्प्यांत जे काही पडले, त्याचे वर्णन मी करणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण मित्रांनो, एका सकाळी त्या खणात अंडे सापडले. अजून कोमट होते. काकांनी ते दोन्ही हातांनी उचलले आणि अनवाणीच धावत काकूंना दाखवायला नेले. इतकी वर्षे माझ्यातून वस्तू काढल्या गेल्या होत्या, पण कोणी धावत गेले नव्हते. त्या दिवशी माझी लाज निम्मी गेली.

बघता बघता काकांचा हात बसला. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, पिल्ले वाढवायची आणि तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, गल्लीत ज्याला हव्या त्याला द्यायच्या, असा त्यांचा क्रम सुरू झाला. कोणाची कोंबडी शिंकली, कोणाची खाईनाशी झाली की लोक ती पिशवीत घालून काकांकडे आणायचे. काका तिचा डोळा उघडून बघायचे, चोच उघडून बघायचे, “हं” म्हणायचे आणि काहीतरी सांगायचे. निम्म्या कोंबड्या आपोआप बऱ्या व्हायच्या. भिंतीपलीकडे राहणारे घड्याळजी, ज्यांचे चौकात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, त्यांनी गमतीत काकांना ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली. गल्लीने ते नाव उचलले. काकांनी दोनदा “छे, छे” म्हटले आणि तिसऱ्यांदा हाकेला ओ दिली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्यांना शिडी लागली नाही. खांबावर चढायची सवयच होती.

गल्लीच्या तोंडाशी कोळशाच्या इस्त्रीने कपडे कडक करून देणारी एक ताई होती. घरात नवरा आणि म्हातारे सासरे. तिला कोंबड्यांची भारी हौस. कपडे द्यायला आली की ती माझ्या जाळीला नाक लावून उभी राहायची. “डॉक्टर, मला कधी देणार?” असे ती दर वेळी विचारायची. काका म्हणायचे, “आधी जागा करा, मग मागा.” तिने टपरीमागे पत्र्याची खोली उभी केली, तिला दार केले, दाराला कडी केली. काकांनी जाऊन ती पाहिली आणि पुढच्या पिल्लांतल्या तीन तलंगा तिच्या, असा शब्द दिला.

ती पिल्ले माझ्या खालच्या कप्प्यात होती. त्याच सुमारास काका आठवड्याच्या बाजारातून चार तुरेवाल्या कोंबड्या घेऊन आले. डोक्यावर पिसांचे झुबके, चाल अगदी नटीसारखी. काकूंनी टोपलीत डोकावून म्हटले, “चार दिवस वेगळ्या ठेवा की. कुठल्या, कोणाच्या, काही माहीत नाही.”

“मला शिकवतेस?” काका म्हणाले. “डोळा बघ तिचा. स्वच्छ आहे. आजारी कोंबडी मला लांबून कळते.”

त्याच संध्याकाळी चौघी माझ्या दांडीवर बसल्या. त्यांनी पिसे झटकली आणि त्यांचा बारीक कोंडा खालच्या पिल्लांवर पडला. मला त्याचे काहीच वाटले नाही. उलट इतक्या देखण्या पाहुण्या आल्या म्हणून मी नाकाने कांदे सोलत होते.

काही आठवडे गेले. पिल्लांच्या तलंगा झाल्या. एका सकाळी त्यातली एक बाहेर यायला उठली आणि लंगडली. काकांनी तिला लंगडी असेच नाव ठेवले. दांडीवरून उडी मारताना पाय मुरगळला असेल, असे निदान झाले. काकांनी खिशातून वायरीला गुंडाळायची काळी टेप काढली, दोन काड्या लावल्या आणि पाय बांधून टाकला. टेप त्यांच्या खिशात कायम असायची. माणसाचे बोट कापले तरी ते आधी टेपच काढत.

लंगडी सुधारली नाही. तिचा एक पाय पुढे आणि एक मागे, असा ताणला जाऊ लागला. डोळे लख्ख, भूक चांगली, पण कमरेखाली जणू कोणी खटका बंद केला होता. “पायाला करंट पोचत नाहीये,” काका पुटपुटले. त्यांनी पाय तेलाने चोळला, ताकदीचे थेंब पाजले आणि तिला माझ्या खणात ठेवून खण अर्धा लोटून घेतला. मग दुसरीचा पंख लोंबला. ती चालताना तो जमिनीवरून फरफटायचा.

खरे सांगते, काकांना तेव्हाच कळायला हवे होते की हा मुरगळलेला पाय नव्हे. बहुधा कळलेही होते. कारण त्यांनी माझ्या जाळीवर जुनी चादर टाकली. कोणी कोंबडी दाखवायला आले तर काका त्याला फाटकातच गाठून सांगू लागले, “आत नको, आत नको. अंड्यावर बसल्यात, बिचकतील.” लपवण्यासाठीच माझा जन्म होता, पण त्या चादरीमागे मला पहिल्यांदा गुदमरल्यासारखे झाले.

आणि नेमकी तेव्हाच इस्त्रीवाली ताई आली. धुतलेले कपडे घातलेली, हातात झाकणाची टोपली, चेहऱ्यावर नुसता आनंद. “डॉक्टर, आज नेऊ ना? खोलीत भुसासुद्धा घातलाय.”

काका तिच्याकडे बघत राहिले. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागते, आणि कारण माझ्या खणात पाय ताणून पडले होते. त्यांनी चादर थोडीशी बाजूला केली, ते मध्ये उभे राहिले आणि आत हात घालून ज्या सरळ उभ्या होत्या त्यातल्या तीन काढून दिल्या. टोपलीचे झाकण स्वतः लावले. व्हरांड्यातून काकू बघत होत्या. ताई निघून गेल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “आज द्यायलाच हव्या होत्या का?”

“चांगल्या आहेत त्या,” काका म्हणाले. “मी बघून दिल्या.”

तिसरीही खाली बसली, तेव्हा काकूंनी न विचारता जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. दुपारी फाटकाशी स्कूटर थांबली. खऱ्या डॉक्टरीणबाई उतरल्या, पायात रबरी बूट, हातात औषधांची पेटी. त्याच वेळी भिंतीवरून घड्याळजींचे डोके वर आले. “काय डॉक्टर, पाहुणे कोण?”

“भाची!” काका म्हणाले. “भाची आलीये.”

आता रबरी बूट घालून मामाकडे कुठली भाची येते? घड्याळजी “बरं, बरं” म्हणून खाली गेले. बाई फाटकातच क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “चला मामा, दाखवा कोंबड्या.” काकांचे कान लाल झाले. मित्रांनो, मला हसू यायला हवे होते. आले नाही.

बाईंनी चादर काढली, खण ओढला, लंगडीला बाहेर घेतले. आधी टेप सोडवली, पिसे न उपटता, हळूहळू. पाय वाकवून पाहिला, मांडी चाचपली. दुसऱ्या दोघींनाही तसेच पाहिले.

“पाय मुरगळलेला नाही,” त्या म्हणाल्या. “पायाची नस आतून सुजली आहे. याला मरेक्स म्हणतात. या वयाच्या कोंबड्यांना होतो.”

“म्हणजे करंटच पोचत नाही ना? मी म्हणतच होतो.”

“हो, पण वायर आतून जळल्यावर वरून टेप लावून काय होणार?”

काकांनी सुटलेली टेप मुठीत चुरगाळली. मग म्हणाले, “औषध लिहून द्या. कुठे मिळेल तिथून आणतो.”

“औषध नाही याला. लस असते, ती अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या द्यायची. एकदा लागण झाली की उपाय नाही. माणसाला यातून काही होत नाही, त्याची काळजी नको. पण बसलेली कोंबडी आता उठायची नाही.” त्यांनी माझ्या दांडीवरून बोट फिरवले आणि ते काकांपुढे धरले. बोटावर राखाडी धूळ होती. “हा पिसांचा कोंडा. रोग यातून पसरतो. कोंबडी श्वास घेते आणि हे आत जातं. लाकडाच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतं. बाहेरून नवीन कोंबड्या आणल्या होत्या?”

“चार.”

“वेगळ्या ठेवल्या होत्या?”

काकांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी ‘मी म्हटलं नव्हतं?’ असे म्हटले नाही, तेच त्यांना जास्त लागले.

“वेगळ्या ठेवून सगळं टळलंच असतं असं नाही,” बाई म्हणाल्या. “त्या बघा, तुरेवाल्या अजून धडधाकट आहेत. स्वतः आजारी न पडता रोग देत राहतात. पण लहान पिल्लांच्या डोक्यावर तरी बसल्या नसत्या.” मग त्यांनी पेटी उघडता उघडता सहज विचारले, “इथून कोणाला काही दिलंत? कोंबड्या, टोपली, भांडी?”

“नाही,” काका म्हणाले.

काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो हिंदकळला आणि पाणी त्यांच्या पायावर सांडले. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिले, पण काकू मूग गिळून बसल्या. मी तर काय, कपाटच होते.

तिघींना बाईंनी तिथेच सुई देऊन शांतपणे निरोप दिला. लंगडी काकांच्या मांडीवर होती. तिने शेवटपर्यंत त्यांच्या शर्टाचे बटण टोचायचा प्रयत्न केला, कारण ते चमकत होते. जाताना बाईंनी बजावले, की उरलेल्या इथेच राहू द्या, एकही फाटकाबाहेर जाता कामा नये, नवीन पिल्ले आणू नका, दुसऱ्यांच्या कोंबड्यांना हात लावू नका आणि हे कपाट रिकामे झाले की जाळून टाका.

जाळून टाका! मी ते ऐकले. पण मित्रांनो, त्या दिवशी मला जळण्याची भीती वाटली नाही. माझ्या दारात उभे राहून माझा धनी खोटे बोलला होता. त्याची शरम इतकी मोठी होती, की दुसऱ्या कशाला पोटात जागा नव्हती.

त्यानंतर काका रोज सकाळी इस्त्रीवाल्या ताईकडे निघायचे आणि फाटकातून परत यायचे. कधी चष्मा विसरलेला असायचा, कधी आभाळ भरून आलेले असायचे. तिच्या टपरीवरून जावे लागू नये म्हणून त्यांनी कपडे इस्त्रीला देणेच बंद केले. आयुष्यभर कडक घडीचा शर्ट घातलेला माणूस चुरगळलेल्या शर्टात हिंडू लागला. दाढी करायला माझ्यासमोर उभे राहायचे, पण नजर नळाकडे. हनुवटी दोनदा कापली.

“सांगून टाका हो,” काकू म्हणाल्या.

“कदाचित तिच्या तीन चांगल्या असतील.”

“आणि नसतील तर?”

“तर ती येईलच की,” असे म्हणून काका नळ जोरात सोडायचे.

आणि ती आली. पदराखाली, छातीशी, तिन्हींपैकी एक घेऊन आली. फाटकातून आत येताना तिने मागे वळून पाहिले, कोणी बघत तर नाही ना म्हणून. जणू चोरी तिनेच केली होती.

“डॉक्टर, रागावू नका,” ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “तुम्ही सोन्यासारख्या दिल्या होत्या. माझ्याच हातून काहीतरी चुकलं. नेताना टोपलीच्या तळाला कोळशाची भुकटी होती, ती बाधली का हो? का पत्रा तापतो म्हणून? कोणाला सांगितलं नाही मी. लोक म्हणतील, डॉक्टरांच्या हातची कोंबडी हिला सांभाळता आली नाही.”

तिने ती खाली ठेवली. एक पाय पुढे, एक मागे.

काकांनी खिशातून टेप काढली. हो मित्रांनो, काढली! सवयीने काढली म्हणा किंवा दुसरे काही सुचेना म्हणून म्हणा. ते उकिडवे बसले आणि टेपचे टोक शोधू लागले. नखाने खरवडले, उजेडात धरून फिरवले. टोक सापडेना.

“आणि एक मागू का?” ताई म्हणाली. “तुम्ही नवीन खुराडं करणार असाल तर हे कपाट मला द्या ना. पत्र्यापेक्षा लाकूड गार राहील. इतक्या कोंबड्या यात वाढल्या, गुणाचं आहे ते.”

मी गुणाचे! माझ्या फटीफटीत तो कोंडा भरलेला होता आणि ती माझ्या दारावरून प्रेमाने हात फिरवत होती. हा हात कोणीतरी बाजूला करा, असे मला ओरडावेसे वाटले. आम्हाला तोंड असते ते फक्त उघडझाप करण्यापुरते.

“हात लावू नका त्याला!” काका ओरडले. ताई दचकून मागे सरली. काकांनी टेप खाली ठेवली. ते तसेच उकिडवे बसून जमिनीकडे बघत बोलू लागले.

“ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. कोळसा नाही, पत्रा नाही, काही नाही. रोग माझ्याकडचा आहे. तुम्ही टोपली घेऊन आलात त्या दिवशी माझी एक खाली बसली होती. या खणात. दुसरीचा पंख लोंबत होता. मी चादर टाकली आणि मध्ये उभा राहिलो.”

ताईला आधी काही कळलेच नाही. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“रोगाचं नाव माहीत नव्हतं. काहीतरी आहे, हे माहीत होतं. नाव कळलं त्यालाही आता बरेच दिवस झाले.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला सगळे डॉक्टर म्हणतात,” काका म्हणाले. आणि ते इतके केविलवाणे वाटले, की त्यांनी स्वतःच मान आणखी खाली घातली.

ताई खाली बसली, कोंबडीला पुन्हा कुशीत घेतले आणि तिची मान कुरवाळत म्हणाली, “त्या दिवशी थांब म्हणाला असतात तर थांबले असते मी. इतके दिवस थांबलेच होते ना?” तिचा आवाज चढला नाही. “परवा मी सासऱ्यांना बोलले. म्हातारा माणूस. म्हटलं, तुम्ही रात्री दार उघडं टाकलंत म्हणून गारठ्याने हिचे पाय गेले. ते भरल्या ताटावरून उठून गेले. तेव्हापासून कोंबड्यांच्या खोलीकडे जातसुद्धा नाहीत, ‘माझ्या हातून अजून काही बिघडायला नको,’ म्हणतात. आता त्यांना काय सांगू मी?”

काकांच्या डोळ्यांतून पाणी आले. “मी येतो. मी त्यांच्या पाया पडून सांगतो.”

“तुम्ही नका येऊ. माझ्या अजून दोन उभ्या आहेत. सासऱ्यांना मी सांगेन,” ताई म्हणाली. फाटकाशी जाऊन ती वळली. “तुम्ही बाकीच्यांना सांगा, काका.”

ती पहिल्यांदाच त्यांना काका म्हणाली होती.

काकांनी त्याच दिवशी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, चुरगळलेलाच, आणि दारोदार गेले. काकू बरोबर गेल्या. ज्यांना ज्यांना त्यांनी कोंबड्या दिल्या होत्या, ज्यांच्या कोंबड्यांना त्यांचा हात लागला होता, त्या प्रत्येक घरी बाहेरच उभे राहून सांगितले. परत आले तेव्हा मी दोघांचे चेहरे पाहिले. कोणी पाणीही विचारले नव्हते. एका घरी तर, “लाज नाही वाटली?” असे विचारले गेले आणि काका म्हणाले होते, “वाटली, म्हणून तर लपवलं.” घड्याळजींनी मात्र सगळे ऐकून घेऊन विचारले, “म्हणजे ती भाची नव्हती?” काका नाही म्हणाले. घड्याळजींना आधीपासून माहीत होते. तरी ते हसले नाहीत, हे काकूंना फार बरे वाटले.

डॉक्टर हे नाव गल्लीतून गेले. कोणी ठरवून काढले नाही. हाकच मारेनासे झाले.

ताईच्या उरलेल्या दोघींपैकी एक बसली, एक वाचली. माझ्याकडच्या निम्म्या गेल्या. ज्या तरल्या, त्या तुरेवाल्यांसकट इथेच म्हाताऱ्या झाल्या. काका त्यांची अंडी खात, पण एकही उबवायला ठेवत नसत. भुसा बदलताना तोंडाला फडके बांधत आणि बाहेर जाण्याआधी अंघोळ करून कपडे बदलत. कोणी बघत नसतानाही ते हे करत. मी बघत होते ना, म्हणून सांगते. हळूहळू दांडी रिकामी होत गेली. शेवटची म्हातारी कोंबडी एका सकाळी खणात शांत पडलेली सापडली, आणि मी पुन्हा नुसते कपाट झाले.

भंगारवाला आला. “लाकूड अस्सल आहे,” टकटक करून म्हणाला. किती दिवसांनी ऐकले ते! पण या वेळी मी फुगले नाही. “देता का? खुराडं करायला कोणीही घेईल.” काका म्हणाले, “म्हणूनच देत नाही.”

त्यांनी अंगणाच्या मध्यभागी मला आडवे केले. काकू उजव्या दारापाशी आल्या. आतल्या बाजूला भावाच्या हातचे ते ‘वर’ अजून होते, बाणासकट. त्यावर कोंबड्यांची घाण वाळली होती. काकूंनी त्याला हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. “एवढी फळी कापून ठेवता येणार नाही का हो? धुऊन?” त्यांनी विचारले.

काकांनी हातातली काडेपेटी खाली ठेवली. “तू म्हणशील तर ठेवू,” ते म्हणाले.

काकूंनी बराच विचार केला. “नको,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ असता तर त्यानेच नको म्हटलं असतं.”

लाकूड ओलसर होते, पेटेना. काका काड्यांवर काड्या ओढत होते. तेवढ्यात फाटकाशी इस्त्रीवाली ताई आली. तिची वाचलेली कोंबडी म्हातारी होऊन गेल्यावर तिने वर्षभर खोली रिकामी ठेवून मग लस टोचलेली पिल्ले आणली होती. काकूंनी तिच्यासाठी ती कुठे मिळतात ते शोधून काढले होते. काकांनी तिच्या अंगणात मात्र पाऊल टाकले नव्हते. तिच्या हातात तिची जड इस्त्री होती, धगधगती. तिने फाटकावरून हात पुढे केला. काकूंनी घमेले धरले, आणि तिने इस्त्रीचे झाकण उघडून सगळे निखारे त्यात ओतले. फाटकाच्या आत ती आली नाही. बरोबरच होते.

“सासरे कसे आहेत?” काकांनी लांबूनच विचारले.

“पिल्लांपाशीच बसलेले असतात,” ती म्हणाली. मग काकांच्या अंगाकडे बघून म्हणाली, “ते शर्ट द्या पाठवून. बघवत नाही.” आणि रिकामी इस्त्री घेऊन निघून गेली.

मी जळताना मीच पाहिले, या आरशातून. दांडी आधी गेली. ‘वर’ लिहिलेले दार सर्वांत शेवटी.

मित्रांनो, आता काका रोज सकाळी माझ्यासमोर दाढी करतात आणि माझ्याकडे बघून करतात. गल्लीत कोणी नवा माणूस कोंबड्या पाळायचे म्हणून विचारायला आला, की ते त्याला या व्हरांड्यात बसवतात आणि काहीही शिकवण्याआधी म्हणतात, “माझ्याकडे काय झालं ते आधी ऐक.” सांगताना आजही त्यांचे कान लाल होतात. मला दिसतात.

तुम्हाला मुकी जनावरे पाळायची असतील तर जरूर पाळा. त्यांना वेळेवर लस द्या, नव्यांना जुन्यांपासून वेगळे ठेवा, त्यांची जागा झाडून पुसून लख्ख ठेवा. आणि आपल्याकडचे काही दुसऱ्याला देताना त्यातले दुखणे आधी सांगा. कोणी विचारले की सांगू, असे म्हणून थांबू नका. काकांना एकदा अगदी स्पष्ट विचारले होते, माझ्यासमोर. ते ‘नाही’ म्हणाले होते, आणि एका म्हाताऱ्या माणसाने भरल्या ताटावरून उठून जाणे त्या एका शब्दात होते.